पहिल्या तेलाचा मान

सोमवार, २७ ऑक्टोबर

व्हाइटफील्ड म्हणजे दुसरं गावच! मल्लेश्वरमहून मेट्रोनं जाऊनसुद्धा पोचेपर्यंत जीव गेला. पण पोचले. केसांच्या एक्स्टेन्शनच्या वर्कशॉपचा पहिला दिवस. इतकी वर्षं पार्लरमध्ये कात्री चालवतेय, रंग लावतेय, आणि आज डमीच्या डोक्यासमोर नवशिक्या पोरीसारखी अडखळले. लाज वाटली स्वतःची.

शिकवणाऱ्या निधी मॅडम पुण्याच्या. ‘तू मराठी ना? मग बरं म्हणायचं सोडून सारखं सरी सरी काय करतेस?’ म्हटलं, मॅडम, आमची मराठी इथलीच, ती अशीच असते. हसल्या.

आज फक्त टेप, म्हणजे गोंद लावलेल्या उसन्या केसांच्या पट्ट्या. खाली एक पट्टी, वर एक पट्टी, मधे त्या बाईचे स्वतःचे केस. मधला थर जाड झाला तर पट्टी धरत नाही. फार पातळ झाला तर मुळं ओढली जातात. माझ्या सगळ्या पट्ट्या वाकड्या! मॅडमनी एकेक सोडवली आणि नुसतं म्हणाल्या, ‘पुन्हा.’ दिवसभर पुन्हा, पुन्हा.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आज हाताला सुट्टी, कानाला काम. पट्टी लावण्याआधी काय बघायचं ते.

एक – केसांची छोटी बट बोटांत धरून हलकेच ओढायची. एखाददुसरा केस आला तर चालेल. झुबकाच आला तर हात जोडायचे आणि म्हणायचं, तीन-चार महिन्यांनी या.

दोन – पुढचे सहा आठवडे या डोक्याचं काय काय होणार ते विचारायचं. पोहायला जाते का? जिमला? तेल लावते का? तेलानं हा गोंद सुटतो. मॅडम म्हणाल्या, ‘आणि समोर आपल्याच घरातलं माणूस बसलं असलं तरी विचारायचं. तिथंच सगळे चुकतात.’ मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली, शहाणी!

सर्टिफिकेटसाठी खऱ्या माणसाच्या डोक्यावर काम करून आधीचे-नंतरचे फोटो द्यायचेत. पार्लरचे मालक पद्मनाभ सर म्हणालेत, सर्टिफिकेट आण, एक्स्टेन्शनची खुर्ची तुझी. मला ती खुर्ची हवी आहे. खूप हवी आहे. इथं कोण वाचतंय, लिहायला काय हरकत!

गुरुवार, ३० ऑक्टोबर

स्मृती आली होती. माझी चुलतबहीण. लग्न महिन्यावर आलंय. दार लावून घेतलं, क्लिप काढली आणि रडायलाच लागली. डेंगी होऊन गेल्यापासून केस इतके गळलेत! वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरलीय.

‘अक्का, तू शिकतेयस ना ते? मला लाव. जे. पी. नगरच्या लोकांना कळता कामा नये.’ जे. पी. नगर म्हणजे तिचं सासर. तिथल्या वसुमती आत्या, नवऱ्यामुलाच्या आत्या, फार बघतात म्हणे – दात, नखं, चालणं, सगळं. नवरामुलगा जयतीर्थ बिचारा साधा आहे.

मी तिची एक बट धरली आणि ओढून बघितली.

बोटांत झुबका आला.

दुसऱ्या बाजूनं बघितलं. तेच. तिची माझ्याकडे पाठ होती, तिला दिसलं नाही. ‘ठीक आहे ना?’ तिनं विचारलं. मी केस टिशूत गुंडाळले आणि म्हटलं, ठीक आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

लावले! मॅडमच्या समोर, खिडकीच्या उजेडात रंग जुळवून. आज एकही पट्टी पुन्हा लावावी लागली नाही. सरळ रेघा, कडेला मोकळी जागा, भांग झाकलेला. स्मृतीनं आरशात बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. फोटो असे आलेत की काय सांगू!

मॅडमनी विचारलं, ‘ओढून बघितलंस?’

‘हो.’

‘आले?’

‘नाही.’

इतकं सोपं असतं! पटकन गेलं तोंडातून. मॅडमनी विश्वास ठेवला. आठवडाभर माझी धडपड बघत होत्या, का नाही ठेवणार?

घरी येताना स्मृतीला बजावलं – मुळांना तेल नाही, ओल्या केसांनी झोपायचं नाही, वरून खाली ओरबाडत विंचरायचं नाही. लग्नघरात काय काय होतं ते विचारलं नाही. घरातलीच पोर, तिला काय विचारायचं!

शनिवार, ८ नोव्हेंबर

सर्टिफिकेट आलं. ‘बॅचमधलं सगळ्यात स्वच्छ काम’ असं मॅडमनी ग्रुपवर टाकलं. पद्मनाभ सरांनी स्मृतीचा पाठमोरा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. खुर्ची माझी! आईनं हयग्रीव केलं, हरभऱ्याच्या डाळीचं गोड. मला गोड लागलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

काकूच्या घरी वादावादी. एण्णे शास्त्रावरून – लग्नाआधी सवाष्णी नवरीच्या डोक्याला तेल लावतात ते. स्मृती हटूनच बसली, ‘पहिलं तेल विमला काकूच लावणार.’

विमला काकू म्हणजे माझी आई. बाबा गेल्यापासून आई असल्या कशात पुढं होत नाही. कोणी हो म्हणतही नाही. अनुसूया काकू स्मृतीची आई, स्वभावानं वाईट नाही, पण तिचंही तोंड पडलं. ‘अगं, लोक काय म्हणतील?’ स्मृती म्हणाली, ‘तू बँकेत जायचीस तेव्हा रोज माझी वेणी कोण घालायचं? लोक?’ शाबास पोरी!

आई नको नको म्हणाली. मग रात्री कपाटातून मोरपंखी साडी काढून बघत बसली. कितीतरी वर्षांनी.

तेलाचं माझ्या मनात आलं. पण हल्ली दूर्वा बुडवून नुसती टेकवतात. तेवढ्यानं काय होतंय!

बुधवार, २६ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

आईनं दूर्वा टेकवली नाही. वाटीतलं कोमट तेल ओंजळीत घेतलं आणि स्मृतीच्या टाळूवर ओतलं. मग दोन्ही हातांनी चोळायला लागली, लहानपणी आम्हा दोघींना चोळायची तशी. बायका गाणं म्हणत होत्या. आईचे डोळे भरलेले. स्मृती डोळे मिटून बसलेली. आणि मी समोर हळदीचं ताट धरून उभी – मला ओरडता आलं असतं. ‘आई, पुरे’ एवढंच म्हणायचं होतं. पण आईचा चेहरा असा झाला होता की वाटलं, असू दे थोडं.

गाणी लांबली, तेल मुरलं. आईनं बोटांनी केस विंचरायला घेतले आणि स्मृती किंचाळली.

आईच्या मुठीत केसांचा अख्खा पुंजका. स्मृतीच्या कानशिलावर रुपयाएवढी जागा लाल, उघडी.

गाणं थांबलं. समोरच बसलेल्या वसुमती आत्या म्हणाल्या, ‘अय्यो देवा!’ मागून कुणीतरी, ‘म्हणून सांगत होते. नको त्यांचा हात.’ अनुसूया काकू कपाळाला हात लावून मटकन खालीच बसली.

आईनं कोणाकडे बघितलं नाही. उठली, मूठ तशीच पदराखाली घेतली आणि आतल्या खोलीत गेली.

मला माहीत होतं. त्या सगळ्या बायकांत आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि झुबक्याचं मला एकटीला. तेलानं पट्टी घसरली, बोटात अडकली, आणि मुळात ढिले असलेले केस घेऊन आली. अपशकुन नाही, काही नाही. गोंद आणि तेल! स्मृतीनं माझा हात दाबला – बोलू नको. वसुमती आत्या समोर होत्या ना. मी गप्प बसले.

स्मृतीसाठी गप्प बसले असं लिहिणार होते. खोटं. भिंतीवरचा तो फोटो दिसत होता मला डोळ्यांसमोर.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

लग्न झालं. ती लाल जागा मी मोगऱ्याच्या कळ्यांच्या जडेखाली, लांब फुलवेणीखाली, झाकली. सगळ्यांनी विचारलं, केस कुणी केले? किती छान! आई शेवटच्या रांगेत खांबाशेजारी बसली होती. साडी राखाडी. अक्षता वाटत आल्या तेव्हा तिनं हात पुढं केला नाही. लांबून म्हणाली, ‘मनातून टाकते हं. चालतंय.’

मी नोकरी करते, बाई आहे, तीस वर्षांची आहे. आणि इतकी भित्री!

सोमवार, १ डिसेंबर

निधी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, झुबक्यासकट. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, ‘उरलेल्या पट्ट्या सोल्यूशन लावून काढ, ओढू नकोस. सर्टिफिकेटचं मी बघते.’ आणि मग, ‘तुमच्याकडे लग्नात तेल लावतात हे मला नसतं कळलं, भार्गवी. तुला कळायला हवं होतं.’

हो.

शनिवार, ६ डिसेंबर

स्मृती माहेरी आली. काकूच्या वरच्या खोलीत तिच्या पट्ट्या काढल्या. सोल्यूशन लावायचं, थांबायचं, पट्टी आपोआप सुटेपर्यंत हात आवरायचा. हे मला छान जमतं. नको तेव्हा छान जमतं सगळं.

‘जयतीर्थला सांगितलं मी,’ स्मृती म्हणाली. ‘तो म्हणाला, माझं टक्कल पडेल तेव्हा मलाही लाव. अक्का, आता लपवायचं काही उरलं नाही. विमला काकूंना सांग ना. खाली आल्यात त्या, पण माझ्याजवळ येईनात. मी जेवत होते तर पाण्याचा तांब्या ठेवून लगेच मागं सरल्या. मी सांगू का?’

‘नको,’ म्हटलं. ‘मी सांगते. आजच सांगते.’

मंगळवार, ९ डिसेंबर

नाही सांगितलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीचं डोहाळजेवण. आईला बोलावणं होतं, प्रेमानं. आई गेली नाही. ‘माझा हात स्वल्प जडच आहे ग. कशाला उगीच दुसऱ्याच्या लेकरावर,’ असं सहज म्हणाली, भाजी निवडता निवडता. ती आता खरंच मानते ते! माझ्यामुळे माझी आई स्वतःच्या हाताला भ्यायला लागलीय आणि मी कॉफी पीत उभी होते. मला माझीच किळस आली.

शनिवार, १३ डिसेंबर

आज काकूच्या घरी जे. पी. नगरची मंडळी जेवायला. आई अर्थातच नाही. वाढून झालं आणि मी उभीच राहिले. म्हटलं, मला बोलायचंय.

सगळं बोलले. डेंगी, गळलेले केस, ओढून बघितलेली बट, मॅडमशी खोटं बोलले ते, पट्टी, तेल. ‘आईच्या हाताचा काही संबंध नाही. माझ्या हाताचा आहे.’ स्मृती येऊन शेजारी उभी राहिली.

काकू रडायला लागली. ‘जाऊबाईंना काय काय बोलले ग मी!’ वसुमती आत्यांनी आधी स्मृतीच्या डोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘इतके दिवस आईला बोलू दिलंस लोकांना?’ बस्स. त्या बाईला मी उगीच खाष्ट समजत होते.

तिथूनच पार्लरमध्ये गेले. पद्मनाभ सरांना सांगितलं आणि फोटो उतरवला. सर म्हणाले, सोमवारी बोलू. खुर्ची बहुतेक गेली. जाऊ दे.

घरी आले तर आई झोपलेली. काकूला सांगणं सोपं होतं. हे अवघड. उद्या सकाळी, उठल्या उठल्या.

रविवार, १४ डिसेंबर

सांगितलं. आई अवरेकाळूच्या, पावट्याच्या, शेंगा सोलत होती. हात थांबला नाही तिचा.

‘माहीत आहे मला,’ म्हणाली. ‘बोटांना लागली की ती पट्टी. वसुमतीबाई समोर होत्या, म्हणून मूठ मिटून घेतली. पोरींची लाज कशाला चव्हाट्यावर! हात जड म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही.’

मग टरफलं गोळा करता करता –

‘बाकीच्यांचं जाऊ दे ग. मला वाटलं, त्या दिवशी तू तरी आत येशील. दार लोटलं नव्हतं मी.’

मी गेले होते त्या दारावरून. हळदीचं ताट ठेवायला. आत बघितलंसुद्धा नाही.