कांदा, शिंका आणि शेजारची खुर्ची

३ नोव्हेंबर
१. लॅबमध्ये डबा खाताना शिंकांवर शिंका.
२. शेवटची अमृतच्या भाकरीवर.
३. तो म्हणाला, "असू दे की, मीठ कमीच होतं."
४. मी हसले नाही.

उपाय: क्वेर्सेटिन. कांद्यातला फ्लॅव्होनॉइड, अ‍ॅलर्जीवर उपयोगी पडू शकतो. बरेच प्रयोग उंदरांवरचे, फरक किरकोळ. लाल कांद्यात जास्त, त्यातही बाहेरच्या पाकळ्यांत. रोज डब्यासोबत एक कच्चा. तुलनेसाठी बिनकांद्याचा अमृत, कारण तो शेजारी बसतो. दुसरं कारण नाही.

६ नोव्हेंबर
सुरी नाही. घरच्यासारखा बुक्कीनं फोडला. रस अमृतच्या शर्टावर. लॅबमधली शगुफ्ता म्हणाली, "बाई गं, आपण डाळिंबावर उरलेली फवारणीची औषधं तपासतो. तुझ्या कांद्यानं मशीन बोंबलायचं की!" प्रयोगात विरोध होतोच.

१० नोव्हेंबर
अमृत खिडकीजवळच्या टेबलावर बसला. म्हणाला, तिथं उजेड बरा आहे. तिथं पडदा ओढलेला असतो. नोंद केली, अर्थ लावला नाही. शिंका कमी.

१४ नोव्हेंबर
आठवडाभर एकटीच जेवले. शांतता चांगली असते. शिंका पूर्ण बंद! क्वेर्सेटिन सिद्ध. आईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "शिंका गेल्या ते बरं झालं. पन जेवायला संगट कोन हाय गं आता?" म्हटलं, त्याचा प्रयोगाशी संबंध नाही. तिनं पुढची भाकरी जरा जोरातच थापली.

१८ नोव्हेंबर
अमृत रिपोर्टवर सही घ्यायला टेबलाशी आला. पोटात अख्खा कांदा असूनही मी शिंकले. रिपोर्ट पुन्हा छापावा लागला. कारण सापडलं: त्याचा बॉडी स्प्रे. शगुफ्ताला विचारलं, हा कधीपासून मारतो? "तुझ्या शेजारी बसायला लागल्यापासून. अख्ख्या लॅबला ठाऊक आहे, तुलाच रिपोर्ट पाहिजे!"

निष्कर्ष: शिंका कांद्यानं गेल्या नाहीत. अमृत उठून गेला म्हणून गेल्या. कांद्यानं फक्त अमृतला घालवलं. क्वेर्सेटिन निर्दोष.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मेसेज पाठवला. नोंदीसाठी जसाच्या तसा:

अमृत, आजपासून मी डब्यातला कांदा बंद केला आहे. तू स्प्रे बंद करावास. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळव. – ऋतुजा