डाव्या खणाची चावी जमा करणेबाबत

दिनांक : १९ मार्च २०२५

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
पाझर तलाव व बंधारे देखभाल उपविभाग,
मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव.

अर्जदार : योगीराज लिंबाजी गरड, वरिष्ठ लिपिक (आवक-जावक), सध्या मुक्काम राहत्या घरी, मुरुम.

विषय : दिनांक १३/११/२०२४ चा रुजू अहवाल रद्द करून वैद्यकीय रजा मंजूर करणेबाबत, तसेच आवक-जावक टेबलाच्या डाव्या खणाची चावी जमा करणेबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस दि. २४/०१/२०२५ (जावक क्रमांक नाही).
२) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (आवक क्रमांक नाही. कारण परिच्छेद ६ मध्ये).

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने एकोणतीस वर्षे या कार्यालयात आवक-जावक सांभाळले आहे. हजारो अर्ज त्याच्या हाताखालून गेले. अर्जाचा विषय आणि शेवटची ओळ वाचायची, मधला मजकूर पुढच्या टेबलाने बघायचा, अशी त्याची रीत होती. पुढचे टेबलही तेच करत असावे. तरी या अर्जाचा मधला भाग कृपया वाचावा, एवढी पहिली विनंती आहे.

२. अर्जदाराच्या पित्ताशयात खडे निघाले. गेल्या दसऱ्याला तामलवाडीच्या साडूकडे जेवून उठताना उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की तो ताटावरच आडवा झाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितले, "काही नाही हो, पोटाला चार बारीक भोकं. तिसऱ्या दिवशी घरी, आठव्या दिवशी ऑफिस." अर्जदार शब्दाला धरून चालणारा माणूस आहे. त्याने ६ ते १२ नोव्हेंबर अशी मोजून सात दिवसांची रजा टाकली.

३. आता चूक. या कार्यालयात रजेचा अर्ज देतानाच परत येण्याच्या तारखेचा रुजू अहवालही सही करून ठेवण्याची पद्धत आहे. रजेवरून आलेला माणूस गप्पांत रमतो, अहवाल द्यायला चार दिवस लावतो आणि सेवापुस्तकात खाडा पडतो, म्हणून ही पद्धत पडली. ती अर्जदारानेच पाडली आणि पंधरा वर्षे मोठ्या अभिमानाने चालवली. त्याप्रमाणे ५ नोव्हेंबरला त्याने "आज दि. १३/११/२०२४ रोजी कार्यालयीन वेळेत कामावर हजर झालो आहे" असे लिहून सही केली, रजिस्टरात क्रमांक २११४ टाकला, शिक्का मारला आणि कागद शिपाई धुळाप्पा यांच्या हाती दिला. धुळाप्पा हे सांगितलेले काम कधीही न विसरणारे कर्मचारी आहेत. १३ तारखेला सकाळी दहाच्या ठोक्याला त्यांनी तो कागद आपल्यासमोर ठेवला. आपली त्यावर सही आहे. धुळाप्पांचा यात काडीचाही दोष नाही, त्यांना याबाबत विचारणा होऊ नये.

४. प्रत्यक्षात घडले ते असे. पित्ताशय यकृताला असे चिकटून बसले होते की दुर्बिणीने सुटेना. पोट उघडावे लागले. सोडवताना पित्ताची मुख्य नळी तुटली. पाऊण तासाचे काम साडेपाच तास चालले. बाहेर अर्जदाराची पत्नी श्रीदेवी डबा मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टर येऊन म्हणाले, "जरा अवघड गेलं." त्या 'जरा'मध्ये पुढचे चार महिने होते. पित्त पोटात झिरपू लागले. ताप चढला, डोळे पिवळे झाले. दुसऱ्या रुग्णालयात हलवले, तोंडावाटे दुर्बीण घालून आत नळी बसवली, ती तुंबली, पुन्हा बसवली. १३ नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता अर्जदार अतिदक्षता विभागात नाकात नळी घालून पडला होता, अशी तिथली नोंद आहे. त्याच वेळी तो मुरुमच्या कार्यालयात हजर होता, अशी आपली नोंद आहे. दोन्ही नोंदी नियमानुसार घेतलेल्या आहेत.

५. एक्केचाळीस दिवसांनी अर्जदार घरी आला तो उजव्या कुशीतून निघालेली एक रबरी नळी आणि तिच्या टोकाची पिशवी घेऊन. पिशवीत दिवसाला तीन-साडेतीनशे मिली पित्त जमते. श्रीदेवी ते मापून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिते. पूर्वी त्याच चौकोनांत दुधाचे खाडे लिहिलेले असत. वजन अठ्ठ्याहत्तरवरून एक्कावन्नावर आले आहे. सर्वांगाला इतकी खाज सुटते की श्रीदेवीने त्याच्या हातांना मुलाचे जुने मोजे चढवले आहेत. फोडणीच्या वासाने ढवळून येते, म्हणून ती शेजारच्या घरी जाऊन स्वयंपाक करते आणि तिथेच उभ्याने खाऊन येते. दीर्घ सेवेत अर्जदारास बायकोसमोर इतकी लाज कधी वाटली नव्हती. तुटलेली नळी आतड्याला जोडण्याचे मोठे ऑपरेशन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्हावे, त्यानंतर यकृताचा भरवसा नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. बरे वाटेल का, असे विचारता ते "बघू" म्हणाले. 'बघू' या शेऱ्याचा अर्थ अर्जदारास कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याने स्वतः तो शेकडो लोकांना तोंडी दिलेला आहे.

६. ते ऑपरेशन होणार त्या मोठ्या रुग्णालयात खाट मिळण्यासाठी 'सदर कर्मचारी सेवेत असून मंजूर वैद्यकीय रजेवर आहे' असे कार्यालयाचे पत्र ३१ मार्चपूर्वी द्यावे लागते. अडचण अशी की अर्जदार रजेवर नाही. तो १३ नोव्हेंबरला हजर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून विनापरवाना गैरहजर आहे, असे आपल्या नोटिशीत म्हटले आहे. रजेचे चार अर्ज श्रीदेवीने हाती आणून दिले. पण ते आवक झाले नाहीत, कारण आवक-जावकचा कार्यभार दुसऱ्या कोणाकडे दिलेला नाही. तो दिलेला नाही, कारण कागदोपत्री त्या टेबलावर अर्जदार स्वतः हजर आहे. नोव्हेंबरपासूनचे सगळे टपाल धुळाप्पांनी तारीखवार गठ्ठे बांधून कपाटावर रचले आहे. अर्जदाराचे अर्जही त्यातच असावेत. आपल्या नोटिशीवरसुद्धा म्हणूनच जावक क्रमांक नाही, पण अर्जदार त्यावर हरकत घेत नाही. असली हरकत इतरांच्या कागदांवर घेण्यात त्याचे आयुष्य गेले आहे.

७. नोटिशीप्रमाणे समक्ष हजर होण्याचा प्रयत्न अर्जदाराने १० फेब्रुवारी रोजी केला. पिशवी सदऱ्याखाली बांधून, रिक्षाने, पत्नीसह. दारातल्या हजेरी यंत्रासमोर तो उभा राहिला असता यंत्राने 'चेहरा जुळत नाही' असे तीन वेळा सांगितले. तेव्हा श्रीदेवी म्हणाली, "त्या मशिनीला कशाला बोल लावता? ऑपरेशनच्या खोलीतून भायेर आणलं तवा मला बी तुमी वळखू आला न्हाईत." कनिष्ठ लिपिक युवराज यांनी खुर्ची दिली, पाणी दिले. मुलगा चांगला आहे. परंतु ते म्हणाले, "काका, तुमी तर तेरा नोव्हेंबरपासनंच हजर हाव. हजर माणसाला परत हजर कसं करून घ्यावं? आन् नोटीस हाय म्हणून टेबलावर बी बसवता येईना." त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यांना हे काम अर्जदारानेच शिकवले आहे. आपण त्या दिवशी साइटवर होता. अर्जदार दीड तास बाकावर बसला, मग पिशवी भरली म्हणून घरी गेला.

८. त्या दीड तासाबद्दल एक गोष्ट लपवलेली आहे, ती येथे नमूद करणे भाग आहे. आवकचे रजिस्टर आणि शिक्का टेबलाच्या डाव्या खणात आहेत आणि खणाची एकुलती चावी अर्जदाराच्या खिशात होती. ती त्याने युवराज यांना दिली असती तर त्याचे चारही अर्ज तिथल्या तिथे आवक झाले असते. अर्जदाराने ती खिशातच ठेवली. त्या खणात आणखी काय आहे ते दिसू नये, म्हणून.

९. त्या खणात तेवीस अर्ज आहेत. जे अर्ज लवकर निकाली निघणार नाहीत असे दिसे, त्यात अर्जदार एखादी त्रुटी काढी. माणूस त्रुटी पुरी करून परत आला की दुसरी काढी. तरीही तो तिसऱ्यांदा आला तर अर्ज ठेवून घेई, पण रजिस्टरात चढवत नसे. चढवला नाही म्हणजे तो आलाच नाही, आणि महिनाअखेरच्या तक्त्यात प्रलंबित प्रकरणे शून्य. या शून्याबद्दल उपविभागाला तीनदा प्रशंसापत्र मिळाले. एक आपल्या खुर्चीमागे चौकटीत लावले आहे. आपणांस यातले काही ठाऊक नव्हते, हे अर्जदार शपथेवर सांगण्यास तयार आहे.

१०. त्या तेविसांतला एक अर्ज तलावावरील चौकीदार महालिंगप्पा यांचा आहे. दोन वर्षांपूर्वी ते कमरेला लघवीची पिशवी बांधून आले होते. पिशवी त्यांनी धोतराच्या सोग्याने झाकली होती. म्हणाले, "सायेब, ही घिऊन तलावाच्या भिंतीवर चढाय येईना झालंय. खाली गेटावर बसवा, बास. दुसरं कायबी नगं." अर्जदाराने पाहिले तर दुसऱ्या पानावर सही नव्हती. सही करून आणल्यावर पाहिले तर दाखला कलबुर्गीच्या दवाखान्याचा, कन्नडमध्ये. मराठी भाषांतर आणा म्हटले. ते त्यांनी एका गुरुजींकडून करून आणले. तिसऱ्या खेपेला अर्जदाराने कागद घेतला, "बघू" म्हटले आणि खणात टाकला. महालिंगप्पा हात जोडून गेले आणि पुढे सात महिने ती पिशवी घेऊन भिंत चढत राहिले. त्यांच्या निधनाची वर्दी मात्र अर्जदाराने आली त्याच दिवशी आवक केली. तीत कोणतीही त्रुटी नव्हती.

११. हे त्याला कधी आठवले नव्हते. १० फेब्रुवारीला बाकावर बसून सदऱ्याचे टोक पिशवीवर ओढताना आठवले. तेव्हापासून डोळा मिटला की तो सोगा दिसतो. अर्जदारास फार वाईट वाटते. हे वाक्य कार्यालयीन भाषेत बसवण्याचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला, जमले नाही.

१२. तरी विनंती की,

सोबत जोडलेल्या चावीने डावा खण उघडावा. शिक्का त्या तेवीस अर्जांच्या गठ्ठ्यावरच ठेवलेला आहे, त्यामुळे शिक्का उचलताना अर्ज हाताला लागतीलच. ते सगळे तारखेप्रमाणे, क्रमांक २११५ पासून आवक करावेत. महालिंगप्पा यांच्या अर्जावर, ते हयात नसले तरी, 'गेटवर नेमणूक मंजूर' असा आदेश काढून तो त्यांच्या घरी पाठवावा. त्यानंतर धुळाप्पांनी बांधलेले गठ्ठे सोडावेत.

अर्जदाराचा अर्ज सर्वांत शेवटी घ्यावा. त्याला मध्येच वर काढू नये. युवराज यांचा तसा विचार होईल, त्यांना आवरावे. रुजू अहवाल रद्द करणे, रजा आणि रुग्णालयाचे पत्र या मागण्या कायम आहेत, परंतु त्या क्रमाने याव्यात.

१३. एवढे सगळे बारा दिवसांत उरकणार नाही, हे अर्जदाराइतके कोणासच ठाऊक नाही. ३१ मार्च निघून जाईल. श्रीदेवीला हे वाचून दाखवले तेव्हा ती चिडून म्हणाली, "मेलेल्या माणसाला गेटावर बसवा म्हणता, आन् जित्या माणसाचं काय? म्या काय करू वो?" आणि पिशवी रिकामी करायला घेऊन गेली. तिने हा अर्ज फाडला मात्र नाही. ती तो स्वतः घेऊन येईल. तिला उभे न ठेवता पोच द्यावी, ही विनंती तेवढी आजच्या आज मान्य होण्यासारखी आहे.

आपला नम्र, आणि आपल्या नोंदीप्रमाणे हजर,

योगीराज लिंबाजी गरड
(अशक्तपणामुळे सही सेवापुस्तकाशी जुळणार नाही. म्हणून डाव्या हाताचा अंगठाही दिला आहे.)

सोबत :
१) डाव्या खणाची चावी, एक.
२) डिसेंबर ते मार्चची दिनदर्शिकेची पाने, चार. पत्नीच्या हस्ताक्षरात. वैद्यकीय दाखल्यात त्रुटी निघाल्यास हीच ग्राह्य धरावीत.
३) रुजू अहवाल, एक. कोरा. त्यावर या वेळी तारीख किंवा सही केलेली नाही.