वैशीचा तिसरा ताप

३ डिसें. ९६
परत दातच. दादाचं एकच, वैशीला दात येतायत म्हणून ताप. तीन वर्षांच्या पोरीला आता कुठले दात राहिले? हा तिसरा ताप. सर्दी नाही, खोकला नाही. लघवीला बसली की रडते, मग दाबूनच ठेवते. लता म्हणाली, मोठ्या भावाला उलट बोलू नका. बोललोच. दादा म्हणे, "तुले काय समजस? तू डाक्टर शेस का?"
माझ्यासारख्या सातवी नापासाला डोळे नसतात काय.

४ डिसें.
खाडा. लहान पोरांच्या गुजराती डॉक्टरीणबाईकडे. मी हुशारी करून लघवी घरूनच नेली, पलसाण्याच्या माझ्या कापड रंगवायच्या मिलमधल्या बाटलीत. साबणाने तीनदा धुतलेली. तरी निळी झाली. कंपाउंडर हसून हसून खोकला. बाईने बंद बाटली दिली. "पहेलां पेशाब, पछी दवा." दवा आधी गेली तर जंतू सापडत नाही. पोरीला धुऊन घ्या, पहिली धार सोडा, मधली धरा.
हे मला कोण शिकवणार! रंगाच्या मशीनच्या नळाखाली रोज तेच करतो, पहिली धार सोडून नमुना धरतो. लता पाणी पाजत राहिली, मी उकिडवा बसून. पाऊण तास. धरली. बाई म्हणाली, नर्सलाही जमत नाही असं.
मग दवा सुरू.

७ डिसें.
लघवीच्या मार्गात जंतू. दाताचा संबंध नाही. वेळेत आणली, नाहीतर मूत्रपिंडाला डाग पडतो म्हणे. ताप उतरला.
दादाला रिपोर्ट दिला. इंग्रजी ना त्याला ना मला. तरी बराच वेळ धरून बसला. संध्याकाळी केळी आणली वैशीला.

१० डिसें.
पोरगी खेळते म्हणून लता दवा बंद करत होती. दादाच ओरडला, "दहा दिन सांगेल शेतस!" मजा वाटली.

२ फेब्रु. ९७
लता वैशीला घेऊन तिच्या भावाच्या लग्नाला अमळनेरला. आज एसटीडीवरून फोन, वैशीला परत ताप. तिथला डॉक्टर लगेच सुई भरत होता. ही अडून बसली. "म्हटलं, आधी लघवी घ्या, मग काय ते टोचा." माझी लता. दुकानदाराशी बोलायची नाही ती. छाती एवढी झाली...
डॉक्टर वरमला, म्हणे बरोबर, आधी लघवी घेतली. पण परत झालं म्हणजे आत काही अडलंय का बघावं लागेल. धुळ्याला सोनोग्राफी, परवा. दादाला सांगितलं, त्याने खिशातून दोनशे काढले. माझे चारशे. उद्या सकाळी मनीऑर्डर नको, परवापर्यंत पोचायची नाही. एक गाववाला आज अमळनेरच्या गाडीत बसतोय, त्याच्या हाती पाठवतो. सहाशे.