एवढं एकमत?

सर, प्रॅक्टिकलला तुम्ही रीडिंग मोठ्यानं सांगू द्यायचा नाहीत. एकेकानं पुढे यायचं आणि तुमच्या कानात आकडा सांगायचा. एकदा आमच्या सगळ्यांचा आकडा जुळला. शाबासकी मिळणार म्हणून मी हसत उभी, आणि तुम्ही माझ्यावरच उखडलात, "एवढं एकमत? कुणाचं ढापलंस गं?" मी खरंच ढापलं नव्हतं. तरी तो ओरडा मी आयुष्यभर जपला.

आता मी समुद्राची पातळी किती चढेल याचा अभ्यास करते. हवा तापतेय, समुद्र चढतोय, यात मला शंका नाही. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी वेगवेगळ्या यंत्रांनी मोजून तेच काढलंय. पण आमच्या मीटिंगमध्ये मोठे साहेब आधी बोलतात आणि मग सगळ्यांच्या माना डोलतात. आपल्या खाडीकाठचा अंदाज आपण फार ठामपणे मांडतोय, पाणी याहून वरही येऊ शकतं, असं मी म्हणाले, तर शेजारची मैत्रीण कुजबुजली, "अगं, आत्ता शंका काढू नकोस. बाहेरचे आपल्याला खोटं पाडायला टपलेलेच आहेत." मला संताप आला. पुढच्याच जाहीर भाषणात मी ते बोलून मोकळी झाले.

बाहेरचे खरंच टपलेले होते. सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे विजेचे मीटर वर चढवायचा ठराव होता. सेक्रेटरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ लावलेला मोबाइल नाचवत उभे राहिले. "बघा, मॅडम स्वतःच बोलतात, यांचे अंदाज पक्के नाहीत! कशाला फुकटचं टेन्शन? कॅन्सल करा." अहो, पाणी जास्त येईल असं म्हणतेय मी, हे मी ओरडून सांगितलं, टाळ्यांत कोण ऐकतंय? ठराव बारगळला. तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, तुमी नक्की कोनाच्या बाजूनं?" ऑफिसात मी आले की आता बोलणं थांबतं. तेलही गेलं, तूपही गेलं. यातून काही निघेल असं मला वाटत नाही.

तुमच्या शेवटच्या वर्षांत पेपर वाचताना तुम्ही म्हणायचात, "हे हवामानवाले सगळे एकाच सुरात गातात, म्हणजे खोटं असणार." मी वाद घातला नाही. सगळ्यांचं उत्तर सारखं येण्याचं कारण कधी कधी ते बरोबर असणं हेही असतं, एवढंच सांगायचं होतं. आज लिहिलं, पण तुमचा पत्ता असता तरी हे पाठवलं नसतं. त्या सभेत पहिली टाळी तुमचीच पडली असती, सर. तुम्ही आता नाही, याचं त्या संध्याकाळी मला बरं वाटलं.