मायचा केसपेपर

९ जाने., शुक्र.

पेशंट ११. शेवटची माय.

दाढ काढून आज बत्तीस दिवस. एकोडीहून साकोली, साकोलीहून लाखांदूर, दोन गाड्या बदलून आली अन् माझ्याच क्लिनिकच्या बाकावर नंबर लावून चुपचाप बसली. आधी फोन नाही, काही नाही. "जेवतानी लागते थोडासा," म्हणे. थोडासा! गाल सुजलेला मला दारातूनच दिसला.

खुर्चीत बसवलं. उजवीकडची खालची दाढ. खड्डा भरलेलाच नाही. महिन्याभरात हिरडी मिटून यायला पाहिजे होती. उलट कड वर आलेली, बोटाला टणक लागते. बाजूला गालाच्या आत पांढरा चट्टा, रुपयाएवढा. जबड्याखाली चाचपलं तर एक गाठ. हलते. हलते म्हणजे बरं, असं मी मलाच तीनदा सांगितलं.

"का हाये वो?"

"काही नाही माय, थोडं इन्फेक्शन."

पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, गाडीत बसवून आले.

१० जाने., शनि.

लिहून टाकते. कॅन्सर असू शकतो.

दुसऱ्या कुणाचं तोंड असतं तर कालच नागपूरची चिठ्ठी हातात दिली असती. तुकडा काढून तपासा, उशीर नको. मायला मी गोळ्या दिल्या. डॉक्टर आहे का कोण आहे मी!

८ डिसेंबरचा केसपेपर काढला. माझंच अक्षर. तक्रार: दाढ हलते. बीपी ठीक. साखर ठीक. तंबाखू/खर्रा: नाही. एक्स-रे: रकाना कोरा.

त्या दिवशी बाहेर सात जण बसलेले. माय म्हणाली, "काढून टाक वो, साडेचारची गाडी हाये." इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत काढली. हाताला जोरही लागला नाही. इतकी का हलते, हे मनात आलंच नाही. गाल नीट ओढूनसुद्धा पाहिला नाही. दुसऱ्यांचे गाल दिवसभर ओढते अन् आपल्या मायचा...

प्रशांतला सांगितलं. नवरा चांगला आहे, पण लगेच म्हणतो, "अगं, तसं काही नसेल." तसं काही नसेल हे कॉलेजात इतिहास शिकवून याला कसं कळलं?

१२ जाने., सोम.

नागपूरच्या सरांना फोन केला. तोंड कसं पाहायचं ते त्यांनीच शिकवलं आम्हाला. सगळं ऐकून घेतलं.

"काढायच्या आधी एक्स-रे?"

"नाही सर."

"सवय कोणती?"

"नाही... म्हणजे पेपरवर तसं लिहिलंय."

"पेपरवर कोणी लिहिलं?"

माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही. "घेऊन ये तिला. लवकर," म्हणाले, अन् ठेवला.

मग मायला फोन. "आता कसा येऊ वो? उन्हारी धानाचा रोवना लागून रायला. पंधरा बायाइची टोली हाये माई. मी नाई गेली त बांध्या तशाच पडून राह्यतीन." दादाने मधेच फोन घेतला. भाऊ माझा, पण शेतापुढे त्याला काही दिसत नाही. "रोवना होऊ दे, मंग पाहू. दाताचाच त दुखना हाये ना?"

कॅन्सर हा शब्द ओठावर आला होता. फोनवर नाही बोलवला. रागात ठेवून दिला.

१४ जाने., बुध. संक्रांत

तिळगुळाने आज दोघा पेशंटच्या दातांवरच्या कॅपा काढल्या. गोड बोलायच्या दिवशी दोघंही येऊन माझ्यावरच ओरडले. पेशंट ७.

दुपारी रिकामी बसले तर परत तोच केसपेपर. तंबाखू: नाही. अन् मला काय माहीत नव्हतं? दहा वर्षांची होते तेव्हा दुकानातून गुडाखूची डबी मीच आणून देत होते मायला. चुलीजवळ बसून अर्धा घंटा बोटाने दात घासायची. तंबाखूच ती, गुळात कालवलेली. पण आमच्याकडे तिला तंबाखू म्हणतं कोण? दात घासणं म्हणतात. मी विचारलं, तंबाखू खातेस? ती नाही म्हणाली. खोटं नाही बोलली बिचारी. मीच ओळखीच्या माणसाला अनोळखी प्रश्न विचारला.

दाताच्या कॉलेजला लागले तेव्हापासून घरी डबी दिसली नाही. सुटली असं धरून चालले. सोयीचं होतं.

१६ जाने., शुक्र.

झेडपी शाळेत दात तपासणी. नेहमीचं भाषण: सकाळी ब्रश, झोपताना ब्रश, गोळ्या-चॉकलेट दिवसभर चघळायचं नाही, खाल्ल्यावर चूळ. ताकद कुरकुऱ्यांनी येत नाही, जेवणाने येते. पोरं मान हलवत होती, मलाच माझं भाषण फिकं लागून राहिलं होतं.

मग विचारलं, "घरी बोटाने दात कोण घासतं? कशाने?" हातच हात. आमची आजी, लाल डबीनं. माई माय, गुडाखूनं. चौथीतली एक पोरगी उभी राहिली. "म्याडम, मी पन. लावलो का भूक नाई लागत."

वर्ग हसला. मला नाही हसू आलं. तिचं तोंड दोनदा पाहिलं. अजून ठीक आहे. तिच्या आईला घेऊन क्लिनिकला या, असं तिथल्या बाईंना बजावून आले.

क्लिनिकला येऊन कोऱ्या केसपेपरवरची ती ओळ खोडत बसले, पन्नासेक पेपर. वर हाताने लिहिलं: दात कशाने घासता? दिवसातून कितीदा? संध्याकाळच्या पाच बायांपैकी तिघींनी न लाजता सांगून टाकलं. इतकं सोपं होतं.

१८ जाने., रवि.

गाडी घेऊन स. ८ लाच निघाले, एकोडी. माय घरी नाही, बांधीत. वहिनी शेताच्या धुऱ्याधुऱ्याने घेऊन गेली. चिखलात पंधरा बाया ओळीने वाकलेल्या, माय टोकाला. मला पाहिलं, हात हलवला अन् परत वाकली. रोप टोचायचा हात तिचा अजून सगळ्यांत तेज.

दहाच्या सुमाराला सगळ्या धुऱ्यावर आल्या. कमरेच्या पिशव्यांतून डब्या निघाल्या. मायचीही निघाली. मी समोर आहे हे आठवलं तशी तिने मूठ मिटली.

"माय, उघड. मले मालूम आहे," मी म्हटलं. चांगलं जोरात, सगळ्यांपुढे. "कायले लपवलं माझ्यापासून?"

"मंग का सांगू तुले? डाक्टरीनची माय गुडाखू लावते म्हन्तीन लोक. तुया दवाखान्यात कोन येईन?"

इतकी वर्षं माझ्या पाटीसाठी लपून लावली तिने.

पाराबाई मायची जोडीदारीण, तोंडात बोट तसंच. म्हणाली, "डाक्टरीन बाई, तू सोडा म्हन्तेस, सोडतो. पन मंग बसाव कवा ते सांग. नुसती बसली का शेताचा मालक वरडते, का बसल्या वो, उठा. दात घासून रायलो म्हनला का चूप राह्यते."

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "अना ताकद येते बाप्पा अंगात."

ताकद नाही वो, भूक मरते, मी म्हटलं. पहाटेपासून पोटात काय आहे तुमच्या? कोणी काळा चहा म्हणे, कोणी तोही नाही. इथे येऊन ब्रश कसा धरायचा ते सांगायचं ठरवून आले होते. ते राहूच दिलं. शिदोरी आठलाच खा, पाणी प्या, अन् मालकाला माझं नाव सांगा, डॉक्टरीनने दर दोन घंट्यांनी चूळ भरायला बसायचं सांगितलंय म्हणा.

"हा बरा हाये," पाराबाई म्हणाली.

मायला पळसाखाली नेलं. तो शब्द बोलले. दाढेचंही सांगितलं. मी तेव्हाच नीट पाहिलं असतं तर महिना वाया गेला नसता, चूक माझी आहे, तुझी नाही, रोवण्याची नाही. रडू फुटलं, आवरलं नाही. बाया पाहून राहिल्या होत्या, पाहू दे.

मायचे दोन्ही हात चिखलाचे, म्हणून तिला मला जवळ घेता येईना. तशीच उभी राहिली. मग तोंड उघडून म्हणाली, "मंग आता नीट पाय."

बुधवारी येते म्हणाली. डबी माझ्याजवळ दिली.

२१ जाने., बुध. नागपूर

तुकडा काढला.

जाताना भंडारा गेलं, शहापूर गेलं, माय खिडकीतून एकेक पानठेला मोजत असल्यासारखी पाहात होती. तीन दिवस झाले बंद करून. डोकं ठणकतं, हात थरथरतात, पोट साफ होत नाही. वहिनीवर दोनदा भडकली म्हणे, मग तिलाच जवळ बसवून घेतलं.

सरांनी स्वतः केलं. मायने माझं मनगट इतकं दाबून धरलं की नखं उमटली. मी दिवा धरून उभी. सर एरवी फार बोलतात, पेशंटला हसवत हसवत काम करतात. आज हातमोजे काढताना फक्त "आठ-दहा दिवस लागतील" म्हणाले.

गाठीबद्दल मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

२३ जाने., शुक्र.

माय कालच एकोडीला गेली. टाके आहेत, पेज पिते, अन् तरी बांधीत उतरली. काहून ऐकत नाही ही बाई!

दादाचा फोन. "तू डाक्टर असून तुले दिसला नाई?" दोन दिवस धरून ठेवलेलं असावं, एकदम बोलला. मी भांडायला तयार होते. पण भांडण कशाचं? नाही दिसलं म्हटलं. मग म्हणाला, "मी बी रोवना होऊ दे म्हनलो."

पेशंट ९. सगळ्यांचे गाल ओढून पाहते आता. एक जण म्हणाला, मॅडम, माझा दात दुखते, गाल नाही.

२७ जाने., मंगळ.

पाराबाई आली, सोबत टोळीतली एक. पाराबाईच्या गालातही चट्टा आहे, पण मऊ. गुडाखू सुटली तर उतरेल बहुतेक. पंधरा दिवसांनी परत बोलावलं. तारीख पेपरवर लिहिली, भिंतीवर लिहिली, तिच्या सुनेला फोन करून सांगितली.

विचारलं, मालक बसू देतो का चूळ भरायला?

"एक दिवस देलन. दुसऱ्या दिवशी म्हने, उभ्यानं भरा."

दोघी खो-खो हसल्या. मलाही हसू आलं, अन् मग राग असा आला की त्या माणसाला जाऊन... काय करणार जाऊन. दाढदुखी घेऊन एक दिवस येईलच तो माझ्याकडे.

मायचं विचारलं तर पाराबाई म्हणाली, "काम करते. बोलत नाई पयल्यासारखी. बसली का नुसती बसते, हात मोकरे."

२९ जाने., गुरु.

आठ दिवस झाले. फोन नाही. मी तीनदा नंबर काढला, लावला नाही. एका पेशंटच्या वरच्या दाढेऐवजी खालच्या दाढेचा एक्स-रे काढला. माफी मागून परत काढला. प्रशांत म्हणतो, दोन दिवस क्लिनिक बंद ठेव. बंद ठेवून घरात काय करू?

मायचा सकाळचा फोन मात्र रोज आहे. आज म्हणे ब्रशाने फेस लई होते, तोंडात काही राहिल्यासारखं वाटत नाही. टाक्यांजवळ हळू फिरव म्हटलं. "फिरवतो ना वो. तू जेवली का?"

३० जाने., शुक्र.

दु. १२ ला लॅबमधून कळलं, रिपोर्ट झाला आहे, सर बोलतील. साडेबाराला सरांचा फोन. "उद्या या. दोघीही या. फोनवर नको." इकडच्या तिकडच्या चार गोष्टी विचारल्या, क्लिनिक कसं चाललंय वगैरे. मी उत्तरं दिली, काय दिली आठवत नाही.

मायला लावला. जेवणाची सुट्टी होती, मागे बायांचा गलका.

"का म्हनला डाक्टर?"

"उद्या या म्हणाले."

"फोनवर नाई सांगलन?"

"नाही."

गलका तसाच चालू होता. तिने हळू विचारलं, "तू बी तुया पेशंटाईले असाच बोलवतेस का वो?"

इन्फेक्शन म्हणून एकदा झालं होतं बोलून. परत नाही.

"हो माय."

"बरा," म्हणाली. "सकारी साकोलीच्या स्टँडवर उभी राह्यतो. आता ठेव, बायाइले सांगतो उद्या मी नाई म्हून. पंधरा जनी वाट पायतीन."