औषधांच्या दुकानाच्या पुढे

तोर्रेमारा, ४ मे १९८८

ती. व्हाताताईस,
ओरोंझोचा शि. सा. न. वि. वि.

तुझी नात डेनिस जूनमध्ये येते आहे हे वाचून माडीवरची खोली उघडली. गादीला ऊन दाखवलं. पोरीला काय आवडतं ते कळव, मला वरण आणि कडू पालेभाजी यापलीकडे येत नाही.

माझं ठीक आहे. इम्माकोलाताला जाऊन, मी विधुर होऊन चौदा महिने झाले. शेजारची तेत्ताबाई रोज विचारते, सुतकाचं वर्ष सरलं, आता रिवाजाप्रमाणे तुला पहिल्यांदा हाताला धरून संध्याकाळच्या फेरीला काढणारं घरचं कोणी नाही का. शेजाऱ्याचा हात चालत नाही, नाहीतर तिनेच ओढून नेलं असतं. मी सांगतो, बहीण आहे, पण तिचे गुडघे ओहायोत आहेत.

खरं सांगायचं तर मलाही घाई नाही. सहा वाजले की खाली पावलं वाजायला लागतात आणि मी खिडकी लावून घेतो. सगळा गाव बघत असताना त्या रस्त्यावर एकट्याने चालायचं, हे मला जमेलसं वाटत नाही. शेजारच्या गावी नन्सच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी होते आहे. जूनअखेर हो की नाही ते कळवायचं आहे. बहुतेक हो म्हणेन. घर बंद करण्याआधी तुझी नात येऊन जाईल, हे बरं झालं.

प्रकृतीला जप. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा भाऊ
ओरोंझो

ओहायो, १९ मे १९८८

चि. ओरोंझो यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वृद्धाश्रमाचं वाचलं आणि भांडी घासता घासता एक कप फोडला. तू जमीन मोजणी खात्यात आयुष्य काढलंस, प्रत्येक गोष्ट दहादा मोजून बघायची तुझी सवय. लग्नाचंसुद्धा शेवटी इम्माकोलातानेच विचारलं. मग आत्ताच होकाराची एवढी घाई का? डेनिस परत निघेपर्यंत कागदावर सही करू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

काल तुमची फेरी डोळ्यांपुढे आली. चाळीस वर्षं तुम्ही दोघं औषधांच्या दुकानापाशी वळायचात. समुद्रापर्यंत कधी गेला नाहीत. लोक म्हणायचे, ओरोंझोने हद्द आखून घेतली आहे. कारण मला ठाऊक आहे. तिचे बूट चावायचे, आणि कोणाला कळू द्यायचं नव्हतं. तूही कधी बोलला नाहीस.

डेनिस सगळं खाते. पाण्यात बर्फ मागेल, घाबरू नकोस.

तुझ्या पत्रावाचून माझा आठवडा सरत नाही, तेव्हा लिहीत राहा.

तुझी ताई
व्हाता

तोर्रेमारा, ११ जून १९८८

प्रिय आजी,
सा. न.

मी सुखरूप पोचले. ओरोंझो आजोबा तुझ्यासारखेच दिसतात, फक्त तुझ्या दहाव्या हिश्शाइतकं बोलतात.

इथे माझ्या रोज चुका होतात आणि मला त्याची मजा वाटायला लागली आहे. जेवणानंतर दूध घातलेली कॉफी मागितली, तर हॉटेलवाल्याने पोट दुखतंय का म्हणून विचारलं. मग बिलाची वाट बघत मी पाऊण तास बसून राहिले. शेवटी तो म्हणाला, पाहुण्याला उठ म्हणणारा मी कोण? आपल्याकडे मी दिसेल त्याच्याकडे बघून हसते, तशीच इथेही हसले. आता तेत्ताबाई सांगते की तीन घरांतून चौकशी झाली, ही पोरगी आम्हाला कुठून ओळखते.

तू सांगितलेलं काम मी काल केलं. तू म्हणाली होतीस, रस्ता माणसांनी भरलेला असेल तेव्हा आजोबांचा हात धर आणि पार टोकापर्यंत ने, बाकी काही बोलू नकोस. आपल्याकडे भर दुपारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. म्हणून जेवण झालं, मी त्यांचा कोट आणला आणि हात पुढे केला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होते, मग कोट घातला.

आजी, रस्त्यावर एक माणूस नव्हता! दुकानांची दारं ओढलेली, सगळ्या खिडक्यांच्या झडपा बंद. पांढऱ्या फरशीवर इतकं ऊन की डोळे मिटावेसे वाटत होते. कुठल्यातरी झडपेआड कोणी घोरत होतं, कुठे रेडिओ पुटपुटत होता. एक मांजर रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं, आम्ही त्याला वळसा घालून गेलो. अख्खा गाव झोपलेला आणि आम्ही दोघंच त्याच्या स्वप्नातून चाललोय, असं वाटत होतं. मला कळलं की माझं काहीतरी चुकलंय. पण आजोबांचा हात माझ्या हातावर होता आणि त्यांनी तो काढून घेतला नाही. म्हणून मी परत फिरले नाही.

मी नेहमीसारखी भराभर चालत होते. ते म्हणाले, हळू, आपल्याला कुठे जायचं नाहीये. असं आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

औषधांच्या दुकानापाशी ते वळायला लागले. मला वाटलं दमले. मी म्हटलं, आजीने टोकापर्यंत सांगितलंय. ते बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत राहिले आणि मग पुढे आले. टोकाला समुद्र होता. आम्ही कठड्यावर बसलो. घरी आल्यावर ते जाऊन झोपले, संध्याकाळपर्यंत.

तू रागावू नकोस. हवं तर पुन्हा बरोबर वेळेला नेते.

तुझी
डेनिस

ओहायो, २३ जून १९८८

चि. ओरोंझो यास,
अनेक आशीर्वाद.

डेनिसचं पत्र आलं. आधी हसले, मग डोक्याला हात लावला, मग स्वयंपाकघरात बसून रडले. पोरीला मीच पढवून पाठवलं होतं. रक्ताचा हात लागतो ना, मग माझा नाही तर माझ्या नातीचा. वेळ सांगायची राहिली. इथे पस्तीस वर्षं राहूनही मला वाटत होतं की ती सगळ्यांना ठाऊकच असते.

त्या पोरीला माहीत नव्हतं, पण तू तरी सांगायचंस. झोपलेल्या गावातून काढलेली फेरी धरायची की नाही, ते तेत्ताबाईला विचारून कळव. आणि वृद्धाश्रमाचं काय ठरलं तेही.

काळजी लावून ठेवू नकोस, दोन ओळी तरी टाक.

तुझी ताई
व्हाता

तोर्रेमारा, ४ जुलै १९८८

ती. व्हाताताईस,
ओरोंझोचा शि. सा. न. वि. वि.

डेनिसला शुक्रवारी गाडीत बसवून दिलं. निघताना ती हॉटेलवाल्यापाशी तासभर बसली होती. बिल मागितलं नाही.

तू विचारतेस, मी तिला का सांगितलं नाही. सांगणार होतो. ही वेळ नाही, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण संध्याकाळी निघायचं असतं, तर मी उंबऱ्यातूनच परत फिरलो असतो. त्या दुपारी माझ्याकडे बघणारं कोणी नव्हतं. मी रडलो तरी चाललं असतं. थोडा रडलोही. पोरगी समोर बघून चालत राहिली. हे तिने तुला लिहिलं नसेल.

तेत्ताबाई झोपली नव्हती. झडपेतून तिने सगळं पाहिलं. म्हणाली, फेरी धरली, पण तुम्ही दोघं वेडे आहात.

वृद्धाश्रमाला ‘नाही’ असं कळवलं. खोली दुसऱ्या कोणालातरी मिळू दे.

काल सहा वाजता कोट घातला आणि एकटाच खाली उतरलो. रस्ता भरलेला होता. लोकांनी टोप्या काढल्या, मीही काढली. कोणी काही विचारलं नाही, फक्त चालायला जागा दिली. घरापासून औषधांच्या दुकानापर्यंत तीनशे ऐंशी पावलं आहेत, तिथून समुद्र एकशे तीस. त्या शेवटच्या एकशे तीस पावलांच्या वेळी इम्माकोलाताला मी दुकानापाशी थांबवलं, बूट चावत असतील म्हणून. पुढे एकटा गेलो, समुद्र पाहिला. परत येताना दुकानापाशी थांबलो, तिला बरोबर घेतलं आणि घरी आलो.

आज पुन्हा जाणार आहे. तुझ्या गुडघ्यांना आराम पडला की तुलाही टोकापर्यंत नेईन. तोवर माया असू दे.

तुझा भाऊ
ओरोंझो