मोठ्याने मागितलेली साखर

बाई, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. हात मात्र लगेच दिसतात. मुलुंडच्या आपल्या शाळेत मधल्या सुट्टीच्या थोडं आधी तुम्ही मला खूण करायचात आणि मी नकाशांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. आत तुम्ही पर्समधून स्टीलची डबी काढायचात. तिच्यात ओल्या रुमालात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली असायची आणि एकच सुई, ती पार बोथट होईपर्यंत चालायची. टोचताना तुमचा चेहरा आक्रसायचा. "इकडे नको बघू गं, दाराकडे लक्ष दे," असं म्हणायचात. साखर तपासायच्या पट्ट्या परवडत नव्हत्या. घाम आला की साखर कमी झाली, तहान लागली की वाढली, एवढ्या अंदाजावर तुमचं चालायचं. "मी कधी वेड्यासारखं बोलायला लागले ना, तर पर्समधली साखरेची पुडी आणून द्यायची. गुपचूप. एकटी बाई आहे मी, या नोकरीवर घर चालतं. आजारी मास्तरीण कोणाला नको असते." सातवीतल्या मुलीवर टाकलेला तो विश्वास मी मिरवला नाही, घरीसुद्धा कोणाला सांगितलं नाही.

मग तो शाळा-तपासणीचा दिवस. साहेब नेमके सुट्टीच्या तोंडावर वर्गात आले. तुम्ही इंजेक्शन घेतलेलं, जेवणाचा डबा उघडायचा राहिलेला. साहेब प्रश्न विचारतायत, हेडसर मागे हात बांधून उभे आहेत आणि तुम्ही फळ्यावर भागाकार मांडताय. मांडता मांडता आकडे खाली घसरत जातात. तुमच्या मानेवर घाम दिसतो. तुम्ही माझ्याकडे बघून हसता, पण ते हसणं तुमचं नाही. मला कळलं होतं, बाई. पण पर्स टेबलाखाली होती आणि टेबलाशी साहेब बसलेले. उठू की नको करत मी बसून राहिले आणि तुम्ही फळ्याला टेकून खाली बसलात. कोणी म्हणालं उपास असेल, कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा आणायला पळालं. तेव्हा मी ओरडले, "बाईंना साखर द्या! त्यांना डायबिटीस आहे, त्या रोज सुई घेतात!"

साखर मिळाली, हळूहळू तुम्ही भानावर आलात. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत मला बोलावलंत. "जीव वाचवलास, ते खरंच," तुम्ही म्हणालात. "पण साखर मागायची आणि गप्प बसायचं ना. रोज सुई घेतात हे सगळ्या वर्गाला कशाला सांगितलंस?" मी रडायला लागले. तुम्ही जवळ घेतलं नाहीत. पालकांत कुजबुज सुरू झाली, हे पोरांना लागतं का, बाई पुन्हा पडल्या तर काय. दिवाळीनंतर तुम्हाला शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायला बसवलं. नोकरी राहिली, वर्ग गेला. जिन्यात भेटलात की मी खाली बघायचे. पुढे मी कॉलेजात असताना कळलं, आधी किडनी गेली आणि मग तुम्हीच. मी भेटायला आले नव्हते.

आता माझ्या मुलीला लहानपणीच डायबिटीस निघालाय, जन्मभर इन्सुलिन लागणारा. तिच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो आणि तिची साखर मला अंधेरीच्या ऑफिसात बसून मोबाइलवर दिसते. कमी होताना दिसली की मी शाळेत फोन करते, ती ज्यूस पिते आणि पुन्हा खेळायला पळते. नवराबायको दोघं कमावतो म्हणून ओढूनताणून जमतं. एकदा हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी मानखुर्दची एक बाई तिच्या मुलीला घेऊन बसली होती. त्या मुलीच्या बोटांची टोकं टोचून टोचून काळी पडली होती. तरी पट्ट्या पुरत नाहीत म्हणून दिवसाआडच तपासतो, असं ती बाई म्हणाली. मग तिनं माझ्या मुलीच्या दंडाकडे बघितलं. "हे काय आहे, ताई?" मी काही बोलायच्या आधी माझ्या हाताने मुलीची बाही खाली ओढली होती.

त्या शरमेपोटी मी आमच्यासारख्या पालकांच्या गटात गेले. घाटकोपरला एका हॉलमध्ये आरोग्य खात्यातल्या एका मॅडमना बोलावलं होतं. डॉक्टर बोलले, तक्ते दाखवले, मॅडम मान हलवत राहिल्या. मग माझ्या हातात माइक आला आणि मी तुमची गोष्ट सांगितली. ओला रुमाल, बोथट सुई, तो भागाकार, ते ऑफिसातलं टेबल. मॅडमनी विचारलं, "त्या काळी पट्ट्या मिळत नव्हत्या?" मी म्हटलं, "मिळत होत्या ना, मॅडम. दुकानात." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

आता मुलांना सरकारी दवाखान्यातून पट्ट्या आणि सुया फुकट मिळतात. सेन्सरचा प्रस्ताव वर पाठवलाय म्हणतात, आम्ही दर महिन्याला विचारायला जातो. मानखुर्दच्या त्या बाईचा फोन आला होता. "ताई, मिळाल्या पट्ट्या! आता जेवायच्या आधी बघते, जेवल्यावर बघते, मनात आलं की बघते." मी हसले, आणि फोन ठेवल्यावर वाटलं, आपण पुन्हा तेच केलं. तुम्ही जे पदराआड ठेवलंत ते भर सभेत मांडलं, सुई टोचतानाचा तुमचा चेहरासुद्धा. तुम्हाला विचारायची सोय नव्हती, हे खरं. पण असती तरी मी विचारलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

अजून एक आहे. सभेत मी 'माझ्या बाई' म्हटलं नाही, 'माझी आई' म्हटलं. माझी आई शाळेत शिकवायची, असंच सांगितलं. तुम्हाला कोणी ओळखू नये म्हणून, असं मी स्वतःला समजावते. सभा संपल्यावर बायका गळ्यात पडल्या, आई गेल्याचं दुःख करत राहिल्या आणि मी मान डोलावत राहिले. माझी आई चारकोपला धडधाकट आहे. कोणीतरी पाठवलेला सभेचा व्हिडिओ तिनं पाहिला. "अगं, ही कुठली आई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बोलण्याच्या भरात चुकून आलं तोंडात. ती दुखावली होती, तरी तिला खरं सांगता आलं नाही, की तसं म्हणताना मला जराही खोटं वाटलं नव्हतं.